पहिली बारा बोअर घेताय? या चुका टाळा

“काका, बंदूक घेतली. आता शिकवा.”

वर्षातून पाच-सहा वेळा तरी हा फोन येतो आणि दर वेळी मला तेवढंच वाईट वाटतं, कारण क्रमच उलटा झालेला असतो. आधी दुसऱ्याच्या बारा बोअरवर, म्हणजे छऱ्यांच्या शॉटगनवर, चारपाचशे क्ले (हवेत सोडलेल्या तबकड्या) मारायचे, आपला खांदा, मान, डोळा कसा वागतो ते कळू द्यायचं आणि मग दुकानात जायचं. एवढा धीर कुणाला नसतो. परवाना हातात पडला की त्याच आठवड्यात बंदूक घरी यायला हवी असते.

२०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं. त्याची जडणघडण नाशिकची, त्यामुळे इथल्या पोरांचा उत्साह वाढला आणि ते चांगलंच झालं. पण त्याचा खेळ रायफलचा. तिथे लक्ष्य जागेवर उभं असतं. ट्रॅप आणि स्कीट या शॉटगनच्या खेळांमध्ये क्ले, म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची मातकट तबकडी हवेत सुटते आणि तिच्या मागे नळी फिरवत बार करायचा असतो. इथे नळीच्या टोकावरच्या माशीकडे बघून नेम धरायला वेळच नसतो. नजर क्लेवर, बाकीचं काम अंगाचं. म्हणून बंदूक अंगाला बसणं ही इथली पहिली अट आहे आणि पहिली चूकही तिथेच होते.

आजोबांची दुनळी “मस्त बसते” म्हणणं

निफाडकडचा एक मुलगा. द्राक्षाची बाग, घरात आजोबांच्या वेळची दुनळी, आडव्या जोडनळ्यांची. आजोबा गेल्यावर रीतसर स्वतःच्या नावावर परवाना करून घेतला, त्याबद्दल त्याचं कौतुकच. रेंजवर आला आणि पहिल्या राउंडला पंचवीसपैकी चार. दुसऱ्याला तीन. तिसऱ्या राउंडला उजवा गाल सुजून जांभळा पडला होता. बरोबरचे मित्र सांगत होते, “दणका सहन होत नाही तुला, हलकं काडतूस घे.” काडतूस २४ ग्रॅम छऱ्यांचंच होतं, ट्रॅपला तेवढंच चालतं. दोष दणक्याचा नव्हताच.

रायफलसारखी डोळ्याजवळची मागची माशी शॉटगनला नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. तो कुठे येणार हे गाल दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडावर, कुठे टेकतो त्यावर ठरतं. जुन्या शिकारी बंदुकांचा दस्ता बराच खाली उतरलेला असतो. गाल नीट टेकवला की डोळा नळ्यांवरच्या पट्टीच्या खाली जातो, समोर बंदुकीचं मागचं टोक दिसतं. मग माणूस नकळत डोकं उचलतो. डोकं उचललं की गाल आणि लाकूड यांच्यात फट पडते आणि बार झाला की तेच लाकूड गालावर आदळतं. डोकं खाली ठेवलं तर छर्रे क्लेच्या खालून जातात, कारण ट्रॅपचा क्ले वर चढत असतो. दोन्हीकडून मरण.

मी त्याला क्ले बंद करायला लावले. १६ यार्डांवर, म्हणजे साडेचौदा मीटरच्या आसपास, मोठा कागद लावला, मधोमध काळा ठिपका. नेम धरायचा नाही, ठिपक्याकडे बघत बंदूक खांद्याला आणायची आणि बार करायचा. असे पाच बार, दर वेळी बंदूक खाली घेऊन. छऱ्यांच्या झुपक्याचा मध्य ठिपक्याच्या पाच इंच खाली निघाला. या अंतरावर हिशेब सोपा आहे: कागदावर एक इंच फरक म्हणजे गालाच्या जागी एक षोडशांश इंच. पाच इंच म्हणजे पाच षोडशांश, जवळजवळ आठ मिलिमीटर. दस्त्यावर जाड कापडाच्या घड्या ठेवल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली. दिसायला ती बंदूक पाय मोडलेल्या माणसासारखी दिसत होती, पण पुढच्या राउंडला तेरा क्ले फुटले. त्याच हातांनी, त्याच नळ्यांनी.

ही कागदाची परीक्षा मी दर बंदुकीची करतो, नवी असो की जुनी. दुकानदार म्हणेल याची गरज नाही. गरज आहे. ट्रॅपच्या बंदुकी मुद्दाम थोड्या वर मारणाऱ्या बनवतात, अर्ध्यापेक्षा जास्त छर्रे ठिपक्याच्या वर जातील अशा. स्कीटच्या बंदुकीचे अर्धे वर, अर्धे खाली. आपल्या हातातली कोणत्या जातीची आहे हे कागदाशिवाय कळत नाही.

लांबीचंही तसंच. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतचं माप सरासरी साडेचौदा इंच धरतात, पण सव्वापाच फुटी माणसाला ते जास्त होतं आणि सहाफुट्याला कमी पडतं. दस्ता लांब झाला की बंदूक वर आणताना काखेत अडकते. आखूड झाला की अंगठ्याचं हाड नाकावर येतं. रबरी पॅड बदलून बरंच काम भागतं. कापायचं झालं तर एका वेळी थोडंच कापून घ्या, कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. आणि जाड जर्किन घालून मोजमाप देऊ नका, मे महिन्यात टी-शर्टवर तीच बंदूक सैल वाटेल.

कोणता डोळा पुढाकार घेतो ते न बघणं

उजव्या हाताने लिहिणाऱ्या कितीतरी लोकांचा डावा डोळा बलवान असतो. दोन्ही हात पुढे ताणा, तळव्यांत लहान त्रिकोणी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबचा एखादा दिव्याचा खांब धरा. आता डावा डोळा मिटा. खांब जागेवर राहिला तर उजवा डोळा मालक. उडाला तर डावा. एवढी अर्ध्या मिनिटाची गोष्ट बंदूक घेण्याआधी करा, कारण दस्ता उजवीकडे किंवा डावीकडे किंचित वाकवलेला असतो आणि तो वाकडेपणा चुकीच्या खांद्याला त्रासच देतो. डोळा डावा निघाला तर मी नवशिक्याला डाव्या खांद्यावरच शिकवतो. ज्यांची सवय पक्की झाली आहे त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा ठिपका लावतो.

काडतूस आत गेलं म्हणजे चालतं असं समजणं

ही चूक दिसत नाही, म्हणून मला हिची सगळ्यात जास्त भीती वाटते.

बऱ्याच जुन्या विलायती बंदुकांचे चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे आहेत. हल्लीची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. आता गंमत बघा: खोक्यावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंडाची घडी उघडल्यावरची असते. बार होण्याआधी ते काडतूस आखूड असतं, त्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये सहज सरकतं, बंदूक बंदही होते. बार झाला की घडी उघडायला पुढे जागा नसते, तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एका बाराने कदाचित काही होणार नाही. पन्नासनेही कदाचित नाही.

माझ्या एका जुन्या मित्राने अशीच दुनळी दोन मोसम वापरली. तक्रार एवढीच की “हल्ली खांदा फार दुखतो.” एके सकाळी मी ती हातात घेऊन मिटली आणि नळ्या हलवून बघितल्या, तर सांध्यात खटखट लागत होती. पुढचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या. नळ्यांच्या सपाट पोटाखाली ठसे स्वच्छ होते: चेंबर अडीच इंच. दोन वर्षं तो ७० ची काडतुसं जाळत होता आणि एकदाही नळी काढून खाली बघितलं नव्हतं. ती बंदूक गनस्मिथकडे गेली ती परत बारासाठी आली नाही, आता नुसती कपाटात आहे. मित्राचे दोन्ही हात शाबूत आहेत याचं मला अजून समाधान वाटतं.

तेव्हा जुनी बंदूक घेताना नळ्या वेगळ्या करून ठसे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कसची नळी असली, तर ती जाणकाराने तपासेपर्यंत तिच्यात आधुनिक दारूचं काडतूस घालायचंच नाही. विकणारा “आत्तापर्यंत काही झालं नाही” म्हणाला तर उठून या.

याच जातीची आणखी एक गोष्ट. घरात वीस बोअरही (बाराहून बारीक नळीची) असेल तर खिशात दोन्ही काडतुसं एकत्र कधीही ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमध्ये घसरून पुढे अडकतं, मागून बघितलं तर नळी रिकामी वाटते. त्यामागे बाराचं काडतूस घालून बार केला की नळी फाटते. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात येण्याचं कारण हेच आहे.

फुल चोक म्हणजे जास्त जोर

नाही. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला निमुळतेपणा. त्याने जोर वाढत नाही, झुपका आवळला जातो. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोकचे सुमारे ७० टक्के छर्रे पडतात, त्याहून सैल मॉडिफाइडचे ६०, आणखी सैल इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे ५०. ट्रॅपचा क्ले लांब जाऊन फुटतो, तिथे आवळलेला चोक बरा. स्कीटला विसेक मीटरवर तोच चोक लावला तर झुपका जेमतेम परातीएवढा राहतो, मोकळ्या नळीचा त्याच्या जवळपास दुप्पट. नवशिक्याने स्वतःहून परात का निवडावी? चोक बदलता येणारी बंदूक मिळाली तर ती घ्या. नाही मिळाली तर निदान दोन्ही नळ्या फुल चोक असलेली घेऊ नका.

पंप-अॅक्शन घेऊन स्पर्धेला निघणं

आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रॅप-स्कीटला पंप-अॅक्शन, म्हणजे पुढचा दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक, चालत नाही. घरच्या संरक्षणासाठी घेतली असेल तर ठीक, क्लेसाठी मात्र ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्या) किंवा आडवी दुनळी. मी ओव्हर-अंडरच सांगतो.

हलकी आहे म्हणून घेणं

दुकानात तीन किलोची बंदूक छान वाटते. शंभराव्या बाराला साडेतीन किलोची छान वाटते. वजन दणका खातं आणि नळी फिरती ठेवतं. ट्रॅपला ३० इंची नळ्या, स्कीटला २८ किंवा ३०. त्यापेक्षा आखूड नको.

“फील्ड”चा अर्थ शिकार असा घेणं

“फील्ड” बंदुकांचे विलायती व्हिडिओ बघून पोरं विचारतात, तितर कुठे मारायला मिळेल. कुठेच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि शिकार बंद आहे. रानडुकरांनी पिकाची नासाडी केली तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक उचलायची नाही. मळ्यात क्ले उडवून सराव करण्याचा विचारही सोडा. साडेसात नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जातो, आणि आपल्याकडे द्राक्षाच्या रांगांमध्ये पानांआड माणसं वाकून काम करत असतात. ती दिसत नाहीत. सरावाची जागा रेंज.

परवान्याच्या आधी विसार देणं

शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. चौकशी, कागदपत्रं, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, यात किती महिने जातील ते कुणी सांगू शकत नाही. तोवर दुकानदाराकडे पैसे अडकवू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे पहिली बंदूक चुकली तर दोनपैकी एक जागा गेली. घाई न करण्याचं याहून रोकडं कारण मला माहीत नाही.

काडतुसांचा हिशेबही आधीच मांडा. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती ते लिहिलेलं असतं. एक राउंड २५ क्लेचा, ट्रॅपला एका क्लेवर दोन बार करता येतात. चार राउंडांची एक सकाळ आणि कोट्याला मोठं भगदाड. म्हणून खेळायचंच असेल तर रायफल असोसिएशनचं सभासद होऊन, खेळाडू म्हणून सराव करण्याची वाट आधी धरा आणि बंदुकीचं नंतर बघा. बिकानेरचे करणीसिंग १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले, राज्यवर्धनसिंह राठोडांनी २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं. त्या पातळीचं सोडा, पंचवीसपैकी पंधरा नियमित फोडायलासुद्धा हजारो काडतुसं जावी लागतात. रोज संध्याकाळी घरात, नळ्या रिकाम्या असल्याची दोनदा खात्री करून, बंदूक तीस वेळा खांद्याला आणा. याला काडतूस लागत नाही आणि माझ्याकडे आलेल्यांपैकी दहातले आठ जण हे करत नाहीत.

पावसाळ्यात बंदूक पेटीत बंद ठेवणं

इगतपुरी, त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. स्पंज किंवा कातड्याची पेटी ओल धरते. प्रवासापुरती पेटी, घरी आल्यावर बंदूक बाहेर. नळ्या पुसायच्या, आतून तेलाचा हलका हात, आणि कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, नळ्यांची तोंडं खाली, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. जून ते सप्टेंबर दर रविवारी काढून बघा. निफाडच्या त्या मुलाने पहिल्याच पावसाळ्यात तीन आठवडे पेटी उघडली नव्हती, आणि आजोबांनी पन्नास वर्षं जपलेल्या डाव्या नळीवर बोटाच्या ठशाएवढा गंज चढला. ठसा त्याच्याच बोटाचा होता, घामाचा. तो डाग अजून आहे.