भुरका मारा, लाजू नका

आमचं गणपती पेठेत सुट्या चहापावडरीचं दुकान. मी मूळची मिरजेची. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मला चहाचे दोनच प्रकार ठाऊक होते, जमलेला आणि बिघडलेला. गल्ल्यावर सासरे बसायचे, त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. पहिल्याच महिन्यात एका दुपारी अण्णांनी माझ्यापुढे तीन पांढरे कप ठेवले. तिन्हींत कोरा चहा, ना दूध ना साखर. "काय फरक वाटतो?" मी एकेक घोट घेतला आणि सांगून टाकलं, सगळे कडू.

"आता पहिला आणि तिसरा लागोपाठ घे. मधे बोलू नको."

घेतले. पहिला गुळगुळीत उतरला आणि मागे भाजल्या जोंधळ्यासारखं काहीतरी रेंगाळलं. तिसऱ्यानं गाल आतून आवळून धरले, कच्चा पेरू खाल्ल्यावर होतं तसे. अण्णा एवढंच म्हणाले, "एकट्या चहाची चव कळत नसते. शेजारी दुसरा लागतो."

त्याला २२ वर्षं झाली. आता गल्ल्यावर मी बसते आणि गिऱ्हाइकं येऊन सांगतात, "वैनी, एवढा महागाचा दार्जिलिंग नेला, पण पाणचट लागला की हो." विचारलं की कळतं, पातेल्यात दूध-साखर घालून दहा मिनिटं खळाखळा उकळलेला असतो. म्हणून हे लिहायला घेतलं. पैसे घालून वेगळा चहा आणणारच असाल तर एक संध्याकाळ काढा आणि तो नीट चाखा.

सामान फार लागत नाही. आतून पांढरे असलेले चार-पाच सारखे कप घ्या. स्टीलचे पेले नकोत, त्यात रंग दिसत नाही आणि ओठ पोळतात. मोबाइलवर घड्याळ असतंच. एक छोटा वजनकाटा मिळाला तर बरं, कारण चमच्याचं माप इथं फसवतं. मामरी, म्हणजे आपली रोजची गोळीदार सीटीसी, चमच्यात दाबून बसते. दार्जिलिंगचं लांबडं पान फुगून बसतं. एकेक चमचा घातला तर मामरी दुप्पट पडते आणि मग दार्जिलिंगच्या नावानं बोटं मोडायची! चहा परखणाऱ्यांचं ठरलेलं माप आहे, आयएसओ ३१०३ नावाचं. १०० मिलिलिटर उकळतं पाणी, २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं झाकण. प्यायला हा चहा जरा कडकच होतो, पण दोष पकडायला तसाच लागतो. घरी चाखायला वजन तेच ठेवा, वेळ ३ ते ४ मिनिटांवर आणा. मात्र जे कराल ते सगळ्या कपांना सारखं.

पाण्याकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे नळाला कृष्णेचं पाणी येतं आणि मागच्या चौकात बोअर आहे. एकाच पुडीतला चहा दोन्हींत करून बघितला. बोअरच्या पाण्यातला काळपट, मंद झाला आणि वर तवंग धरला. तो तवंग दुधाचा नव्हे, जड पाण्यातल्या कॅल्शियमचा. लिंबाचे दोन थेंब पिळले की नाहीसा होतो आणि रंगही उजळतो. तेव्हा तवंग दिसला की पावडरवाल्याला शिव्या घालण्याआधी पाणी बदलून बघा. आणखी एक गंमत सांगते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथं पाणी १०० अंशांना नाही, ९८च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला त्याहून खाली, ९५-९६ला. काळ्या चहाला इथलं उकळतं पाणी थेट चालतं. ग्रीन टीला ते सोसत नाही, त्याला ७५ ते ८० अंश पुरे. थर्मामीटर शोधत बसू नका. उकळलेलं पाणी एका जाड कपात ओता, मिनिटभर थांबा, मग दुसऱ्या कपात ओता आणि तिथून पानांवर. दोन मिनिटांत गाळा. "ग्रीन टी कडूजहर असतो" म्हणणाऱ्या दहांतले नऊ जण तो पातेल्यात उकळत असतात.

आता प्यायचं कसं. आधी गाळलेली ओली पानं हुंगा. गरम असतानाच, नाक अगदी जवळ नेऊन. कुबट, पावसाळ्यातल्या कपाटासारखा वास आला तर तो माल ओल लागलेला आहे, पुढं चाखायचीही गरज नाही. मग रंग बघा. मग चमच्यात थोडा चहा घ्या आणि जोरात भुरका मारा. हो, आवाज करून. लहानपणी मी बशीतून भुरके मारले की आई डोळे वटारायची आणि शेजारी आजोबा तेच करत निवांत बसलेले असायचे. चहा परखणारी मंडळी नेमकं आजोबांसारखंच पितात. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचा तुषार होऊन सगळ्या तोंडात पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि मग नाक सोडा, लगेच कळेल. नाक बंद असताना जिभेला फक्त कडू-तुरट समजतं. नाक सोडलं की चहा येतो.

दोन चहांच्या मधे पाण्याचा घोट आणि चार साधे चिरमुरे. साधे म्हणते आहे. भडंग समोर ठेवू नका, लसणाचा एक दाणा लागला की अर्धा तास जीभ कामातून गेली. चहा चाखून झाल्यावर भडंग, मग पोटभर.

चवीला नावं द्यायची तर पाकिटावरचे शब्द वापरायचा अट्टहास नको. आमच्याकडे तासगावच्या एक आक्का महिन्याला मामरी न्यायला येतात, घरची द्राक्षबाग आहे. एकदा मी दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीचा, मे-जूनमधला नमुना लावून बसले होते, त्यांनाही कप दिला. एक भुरका झाला, दुसरा झाला, आणि म्हणाल्या, "अगं, बेदाण्याच्या शेडात शिरल्यासारखं वाटतंय." जगभरातले व्यापारी त्या चवीला मस्कॅटेल म्हणतात, म्हणजे मस्कॅट द्राक्षासारखी. आक्कांना ते नाव कुणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्याकडेही असे शब्द असतात. ओला कडबा, शेंगांची टरफलं, नवं पोतं, गुळाच्या काहिलीवरची वाफ, जे आठवेल ते वहीत लिहा.

एका बैठकीत पाचाहून जास्त चहा नकोत, आणि क्रम हलक्याकडून कडकाकडे. आधी ग्रीन टी. मग दार्जिलिंग, जमलं तर पहिल्या तोडणीचा, मार्च-एप्रिलचा. हा इतका फिकट असतो की लोक त्याला काळा चहा मानायलाच तयार होत नाहीत. भौगोलिक मानांकन मिळालेला हा देशातला पहिला माल, २००४-०५ सालचा, तेव्हा पाकिटावर तो शिक्का बघून घ्या. मग निलगिरीचा लांब पानाचा, स्वच्छ सुवासाचा. शेवटी आसाम. आसामची मामरी पानं चुरडून, फाडून, वळवून करतात, ते यंत्र १९३०च्या दशकात आसामातच निघालं. कण बारीक, म्हणून चहा झटकन उतरतो आणि रंग भरपूर देतो. याच मालातला सगळ्यात बारीक कण म्हणजे डस्ट. डस्ट म्हणजे झाडून गोळा केलेली धूळ नव्हे हो, तो रीतसर चाळून काढलेला दर्जा आहे. हॉटेलवाले तोच नेतात, कारण गर्दीच्या वेळी त्यांना मिनिटात रंग पाहिजे असतो.

सुगंधी चहांची बैठक वेगळ्या दिवशी घाला, कारण त्यांचे वास एकमेकांत शिरतात. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट नावाच्या, इटलीच्या दक्षिणेला होणाऱ्या लिंबाच्या सालीचं तेल असतं. ईडलिंबाची साल नखानं खरवडून हुंगा, त्याच्या आसपासचा वास. लॅपसांग सूचाँग चीनमधल्या फुजियानचा, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. आमच्या सासूबाईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला, "चुलीवर आंघोळीचं पाणी तापवलंय का?" मला मात्र तो आवडतो, पावसात. तो सगळ्यात शेवटी घ्या, त्याच्यानंतर दुसरं काही कळत नाही.

जास्मिन टीवर मी जरा रेंगाळणार. चीनमध्ये त्यासाठी प्रामुख्यानं जे फूल वापरतात तो आपला मोगराच. संध्याकाळच्या घट्ट कळ्या ग्रीन टीच्या थरांत घालतात, रात्री त्या उमलतात, पानं वास ओढून घेतात आणि मग फुलं काढून टाकतात. चांगल्या मालाला हे परत परत करतात. म्हणजे पाकिटात वाळक्या पाकळ्या भरपूर दिसतात म्हणून माल भारी, असं काही नाही. हे घरी होतं. उन्हाळ्यात कुंडीतल्या, औषध न मारलेल्या कळ्या तिन्हीसांजेला काढा, काचेच्या बरणीत एक थर ग्रीन टीचा, एक कळ्यांचा, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी फुलं वेचून टाका आणि चहा कागदावर सावलीत पसरा, कारण त्यानं कळ्यांची ओलही घेतलेली असते. दोन रात्री केलं तर वास पक्का बसतो. आठवडाभरात संपवून टाका.

विकतच्या सुगंधी चहाची पारख करायची तर तो निववून प्या. मला एकदा दिवाळीला केशर-गुलाबाचा सुंदर डबा भेट आला. झाकण उघडलं की लग्नाच्या हॉलमध्ये गेल्यासारखं. गरम कपातही वास दरवळला. कप निवला आणि हाती उरलं तुरट तांबडं पाणी. अत्तर उडून गेलं की खालचा चहा उघडा पडतो. चांगला अर्ल ग्रे निवला तरी पिववतो.

काश्मिरी काहवा घरी करणं सोपं आहे. वेलदोडा-दालचिनी पाण्यात उकळा, आच बंद करून ग्रीन टी दोन मिनिटं, कोमट पाण्यात भिजवलेलं केशर, वर बदामाचे काप. आणि गवती चहा हा चहाच नव्हे, ते गवत आहे. हिबिस्कस टी म्हणून महागात मिळतं ते लाल अंबाडीच्या बोंडावरचं जाड आवरण. छान आंबट लागतं, पण त्यातून तरतरी येईल अशी आशा करू नका, त्यात कॅफीन नसतं.

हे सगळं वाचून दुधाचा चहा सोडायचा की काय, असं वाटलं असेल. छे! पहिल्या दिवशीचा तो गाल आवळणारा तिसरा कप आठवतो ना, अण्णांनी नंतर त्यात दोन चमचे गरम दूध घातलं. तो एकदम भरदार झाला, तुरटपणा गेला. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून. पहिल्या, गुळगुळीत कपात घातलं तर तो नुसता पांढुरका झाला. तेव्हा कोरा चाखायचा तो कुठल्या चहाला दूध मानवेल हे कळायला सुद्धा. गाल आवळतो, त्याला दूध. वासावर जगतो, त्याला लावू नका.

आलं साताऱ्याकडचं, जुनं आणि रेषा असलेलं घ्या. ते पाण्यात चहाबरोबर आधी उकळू द्या आणि दूध मागाहून घाला. कच्च्या आल्यात दूध फाडणारं द्रव्य असतं, उकळीनं ते निकामी होतं. गुळाचा चहा फाटतो त्याचंही उत्तर क्रमातच आहे. गूळ किंचित आंबट असतो, दुधाबरोबर उकळला की घात होतो. कोरा चहा गुळासकट उकळा, गाळा, खाली उतरवा आणि वेगळं तापवलेलं दूध वरून घाला. परत आचेवर ठेवायचा नाही.

राहिलं साठवण. चहा शेजारच्याचा वास चोरतो. हवाबंद डबा, अंधारी कोरडी जागा, आणि हिंग, मसाले, साबण यांपासून लांब. हे मी शिकले ते असं. तो दुसऱ्या तोडणीचा दार्जिलिंग मी नीट झाकण न बसणाऱ्या डब्यात घालून फळीवर ठेवला होता आणि त्याच आठवड्यात शेजारी वर्षाच्या चटणीचा, कांदा-लसणाच्या, डबा येऊन बसला. महिन्यानं अण्णांना त्यातलाच कप करून दिला, काही न बोलता. त्यांनी चमच्यात घेतला, डोळे मिटले, भुरका मारला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"मळा चांगला आहे," म्हणाले. "यंदा चटणीत लसूण जरा जास्त पडलाय."