पुण्यात जुनी गाडी घेताय? आधी भाव काढायला शिका

पुण्यात नवीन आलात की पहिले काही महिने पीएमपी आणि रिक्षावर निघतात. मग पावसाळा लागतो, हिंजवडीचा ट्रॅफिक अंगावर येतो आणि माणूस सेकंड हँड गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागतो. मी अमरावतीहून येऊन इथेच रुळलो. आता तिकडचं कोणी आलं की गाडी बघायला मलाच सोबत नेतात. त्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: जाहिरातीतला आकडा ही मालकाची इच्छा असते, गाडीचा भाव नसतो.

भाव काढायचा तर स्वतःच गाडी विकायला काढल्यासारखं करा. जुन्या गाड्या घेणाऱ्या साइटवर तेच मॉडेल, तेच साल, तेवढेच किलोमीटर टाका आणि ते किती देतात बघा. मग तसलीच गाडी ते कितीला विकतात तेही बघा. थेट मालकाकडून घेताना सौदा या दोन आकड्यांच्या मधे बसला पाहिजे. एजंट असेल तर त्याची दलाली आधीच बोलून घ्या.

मग इन्शुरन्सची पॉलिसी मागा. सगळे आरसी निरखून बघतात आणि पॉलिसी बाजूला ठेवतात, पण गाडीची कुंडली खरी तिच्यातच असते. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. ती काढताना गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीतून दुसऱ्या वर्षी एकूण 20 टक्के घसारा वजा होतो, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40, पाचव्या वर्षी 50. त्यापुढे तो आकडा विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, म्हणून जुन्या गाडीचा आयडीव्ही नुसता अंदाजाला घ्या. त्याहून बोलका आकडा नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांवर जातो. मालक म्हणतो "गाडीला ओरखडा नाही" आणि बोनस मात्र शून्य? मग का ते विचाराच. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. वाढीव प्रीमियम हिशोबात धरा.

मीटर मागे फिरवता येतं. गाडी चाळीस हजार चालली म्हणतात आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असतं! टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, त्यामुळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत चिखलाचा डाग दिसला तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडा.

"एमएच 12 पासिंग आहे" म्हणून जास्त पैसे मोजू नका, राज्यातली कुठलीही पासिंग चालते. कर्नाटकची गाडी स्वस्त वाटते, पण एनओसीची धावपळ आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई संपते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. टोकन देण्याआधी ई-चलान तपासा. दंड थकलेला असेल तर मालकाने भरावा, नाहीतर तेवढी रक्कम किमतीतून कापावी.