एका दिवसाचं स्वयंसेवी काम ठरवायचंय? आधी काम कापा, मग माणसं बोलवा

स्वयंसेवक मिळत नाहीत हे रडगाणं मला आता ऐकवत नाही. माणसं मिळतात हो, वर्षभर दर शनिवारी येईन असं कबूल करणारी मिळत नाहीत एवढंच, आणि नोकरी, घर, आजारपण सांभाळणाऱ्या माणसाकडे तसं मागणंही बरोबर नाही. न्यूयॉर्क केअर्स ही संस्था १९८७ साली सुरू झाली ती याच अडचणीतून. त्यांची पद्धत साधी, कामं तारखेनुसार लावायची, ज्याला जी तारीख जमेल ती त्याने घ्यायची आणि प्रत्येक कामावर एक टीम लीडर. ही पद्धत कुठेही चालते, फक्त काम तसं तयार केलेलं पाहिजे.

ज्यांना मदत करायची ती संस्था निवडा, भेटीची वेळ घ्या, जागा डोळ्यांनी बघून या. इथपर्यंत काही अवघड नाही.

अवघड पुढे आहे आणि मी बराच काळ इथेच अडले होते. संस्थेला विचारलं काय मदत हवी, की उत्तर येतं, "काहीही चालेल, तुम्ही माणसं तर आणा." कृपा करून हे उत्तर घेऊन परत येऊ नका. काहीही म्हणजे त्या दिवशी वीस जण दारात उभे आणि आतली एकटी ताई यांच्या हातात काय द्यायचं म्हणून कपाटं उघडतेय. प्रश्न बदला. "कुठलं काम कधीचं पडून आहे, ज्याला हात लावायला तुम्हाला वेळच होत नाही?" असं विचारलं की लोक खरं बोलायला लागतात.

मग ते म्हणतात, वाचनालय नीट लावायचंय. ही इच्छा झाली, काम नाही. काम असं असतं: या दोन कपाटांतली पुस्तकं बाहेर काढायची, पुसायची, ठेवायची-चिकटवायची-काढून टाकायची असे तीन ढीग करायचे, ठेवायच्या पुस्तकांना नंबराची चिठ्ठी लावायची, वहीत नोंद करायची आणि परत कपाटात. एका कपाटाला चार माणसं बास, दोघं काढून पुसतात, एक जण छाटतो, एक जण वही लिहितो, पाचवा नुसता मध्ये मध्ये येतो. आणि काय काढून टाकायचं यावर शेवटचा शब्द संस्थेच्या माणसाचा, तो त्या दिवशी हजर पाहिजेच, नाहीतर तो ढीग कोपऱ्यात पडून राहतो आणि आपण त्यांचं काम वाढवून आलेलो असतो.

कुठलंही काम घेताना तीन गोष्टी तपासा. एका बैठकीत संपतं का, नवख्या माणसाला दहा मिनिटांत समजतं का, आणि संपलं हे कसं ओळखायचं. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर काम अजून कापा. मी तर घोषणा करायच्या आधी एक फळी स्वतः घड्याळ लावून करून बघते, कारण संस्थेने सांगितलेला वेळ कधीच बरोबर निघत नाही. मग सगळं एका कागदावर: पायऱ्या, सामान, किल्ली कुणाकडे, पाणी आणि टॉयलेट कुठे, अडलं तर कुणाला विचारायचं. हा कागद संस्थेने वाचून हो म्हटल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

काही कामं सरळ नाकारा. लहान मुलांना शिकवायला एका दिवसाची माणसं नेऊ नका, मूल जीव लावतं आणि हा माणूस परत येत नाही. मुलांचे फोटो परवानगीशिवाय नाहीच. कुणाला पगार देऊन करून घेतलं जाणारं काम फुकटात करू नका, त्याचं पोट आहे त्यावर. आणि चांगल्या भिंतीला पुन्हा रंग कशाला? फक्त आलेल्यांना बरं वाटावं म्हणून काम काढत असाल तर संस्थेचा दिवस खाऊ नका.

"फ्लेक्सिबल आहे, कधीही या, कधीही जा" हा सल्ला तर डोक्यातूनच काढा. तारीख निवडायची मोकळीक द्या, वेळेची देऊ नका. अडीच-तीन तासांची शिफ्ट, सगळे एकदम सुरू, नाहीतर टीम लीडरचा अर्धा दिवस उशिरा येणाऱ्यांना तेच तेच समजावण्यात जातो.

नोंदणीला साधा फॉर्म. दहा माणसं हवी असतील तर तेरा नावं घ्या, काही गळतातच. आदल्या संध्याकाळी मेसेज टाका, "येताय ना? जमत नसेल तर आत्ताच सांगा, काही हरकत नाही," नाही म्हणायला संकोच वाटला नाही की लोक कळवतात. टीम लीडरने पहिला अर्धा तास स्वतः कामाला हात लावायचा नाही, फक्त फिरायचं आणि बघायचं. एक जादाचं काम तयार ठेवा, काही टीम भराभर संपवतात.

शेवटचा अर्धा तास आवराआवरीला. जे राहिलं ते लिहून संस्थेला द्या. दोन दिवसांनी फोन करा पण कसं वाटलं म्हणून विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "आम्ही गेल्यावर तुम्हाला काय परत करावं लागलं?" हे विचारा, आणि जे सांगतील ते पुढच्या वेळच्या कागदावर सगळ्यात वर लिहा.