जुना एक्सबॉक्स ३६० घेताय? आधी मागची बाजू बघा

आमच्या सोसायटीतल्या पोरांना सेकंडहॅण्ड एक्सबॉक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं टीव्हीला जोडून खेळायचं गेम मशीन, घ्यायचा असला की "मावशी, चला ना" म्हणत ती मला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत घेऊन जातात. माझा स्वतःचा ३६० अजून उत्तम चालतो, त्यामुळे त्यांचा माझ्यावर भरवसा आहे.

दुकानात गेल्यावर मी पहिल्यांदा मशीन फिरवून मागची बाजू बघते. पांढरा, जाडा मॉडेल असेल तर पॉवरची वायर लागते तिथल्या लेबलवर अँपिअरचा आकडा असतो. १६.५ असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, नको. १४.२ त्यातल्या त्यात बरा. १२.१ दिसला तरच मी भाव विचारते.

कारण सांगते. आकडा जितका कमी, तितका आतला बोर्ड नंतरचा. २००५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत हे मशीन आलं आणि लोक त्याच्यावर जीव टाकायला लागले. पण सुरुवातीच्या बोर्डांवरची ग्राफिक्स चिप भयंकर तापायची. खेळताना तापणार, बंद केल्यावर गार होणार. असं पुन्हापुन्हा होऊन आतले सोल्डरचे बारीक जोड तडकायचे. मग पॉवर बटणाभोवतीच्या चार दिव्यांपैकी तीन लाल व्हायचे आणि खेळ संपायचा. रेड रिंग ऑफ डेथ म्हणतात ती हीच. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली, त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च धरला. दुरुस्ती फुकट झाली हे खरं. पण बटण दाबताना दर वेळी छातीत धडधडायला लागलं, की त्या वस्तूवरची माया पातळ होतेच. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण खेळायला इतकं सुंदर मशीन होतं ते.

२०१० चा काळा स्लिम मिळाला तर सरळ तोच घ्या.

दुकानदार नुसता मेन्यू दाखवून "चालतंय बघा" म्हणेल. तेवढ्यावर पैसे काढू नका. आपली डिस्क न्या, जड गेम लावा आणि पाऊण तास तिथेच खेळा. तडकलेले जोड गरम हवेने तात्पुरते जोडता येतात. असा पीस घरी आणल्यावर काही दिवसांत पुन्हा लाल होतो. जाड्या मॉडेलचं पुढचं झाकण हाताने निघतं. आतलं सील फाटलेलं असेल तर मशीन कुणीतरी उघडलंय, एवढं नक्की.

अडॅप्टरवरचे व्होल्टही वाचा. पुण्यात घराघरांतून कुणीतरी अमेरिकेत आहे, आणि तिकडून आलेल्या अडॅप्टरवर १००-१२७ लिहिलेलं असतं. ओळखीतल्या एका मुलाने तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला आणि अडॅप्टर क्षणात जळाला. इथला अडॅप्टर मिळाल्याशिवाय व्यवहार करू नका.

गेम मात्र डिस्कवरच जमवा. ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यावर आता नवीन काही विकत घेता येत नाही. आणि डिस्क फिरत असताना मशीन आडव्याचं उभं करू नका, डिस्कवर गोल ओरखडा पडतो.

घरी टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका. चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा, अडॅप्टर सतरंजीवरून उचलून फरशीवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये मी दुपारी खेळतच नाही, रात्री साडेनऊनंतर लावते.