शलमोनाच्या वेशींचा वाद कसा वाचावा

तापीकाठचे प्रकाशे किंवा गिरणेकाठचे बहाळ येथील पांढरीचे टेकाड ज्याने पाहिले आहे, त्याला बायबलच्या भूमीतील उत्खननांवरचे वाद परके वाटू नयेत. वस्तीवर वस्ती चढून थर साचतात आणि विद्वानांचे भांडण बहुधा कोणता थर केव्हाचा, एवढ्यावरच असते. अभ्यासासाठी आजच्या इस्रायलमधील मगिद्दो, हासोर आणि गेजेर येथील, दोन्ही बाजूंना तीन-तीन देवड्या असलेल्या वेशींचा वाद घ्यावा.

आधी मूळ वचन वाचावे. बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, परंपरेने इ.स.पू. दहाव्या शतकातला मानल्या जाणाऱ्या शलमोन राजाने ही तिन्ही नगरे बांधल्याचा उल्लेख आहे, आणि त्याच्याच आधारे पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १९५० च्या दशकात या वेशी इ.स.पू. दहाव्या शतकातील ठरवल्या. १९९६ मध्ये पुरातत्त्वज्ञ इस्रायल फिंकेलस्टाइन यांनी हेच थर नवव्या शतकात, म्हणजे शलमोनानंतर, आणले. वेशी आहेत, हे दोघांनाही मान्य. म्हणून प्रत्येक लेखात तारीख ग्रंथावरून घेतली आहे की थरातील पुराव्यावरून, हे समासात लिहून ठेवावे. वचनावरून वेशीची, वेशीवरून खापरांची आणि खापरांवरून दुसऱ्या गावाची तारीख ठरत असेल, तर सगळी साखळी त्या एका वचनाला टांगलेली असते.

कार्बन-१४ ची, म्हणजे जुन्या लाकडा-बियांतील किरणोत्सारी कार्बन मोजून काढलेली, तारीख दिसली की नमुना कशाचा, हे पाहावे. आपल्याकडे धाब्याच्या जुन्या घराचे सागवानी सर नव्या घरात बसवतात. तशी तुळई जळाली, तर तिची तारीख घरापेक्षा कितीतरी जुनी निघते. धान्य किंवा ऑलिव्हची बी एका हंगामाची असते, म्हणून ती अधिक भरवशाची. तरीही पुरातत्त्वज्ञ अमिहाई मझार यांच्या मते या वेशींच्या थरांत सापडणाऱ्या घाटाची खापरे सुमारे इ.स.पू. ९८० पासून ८३० पर्यंत चालली, म्हणजे केवळ खापरांवरून शलमोन ठरत नाही आणि खोडलाही जात नाही. मला हीच भूमिका अधिक सावध वाटते.

उत्तर इस्रायलमधील तेल दान येथे १९९३ मध्ये सापडलेला शिलालेख या वादात हटकून पुढे केला जातो. त्यातील ‘दावीदचे घराणे’ (दावीद हा शलमोनाचा बाप) या अर्थाची मूळ लिपीतील सहा अक्षरे मध्ये ठिपका न देता सलग कोरलेली असल्याने काहींनी वेगळे वाचन सुचवले, पण बहुसंख्य अभ्यासकांना राजघराण्याचा अर्थ मान्य आहे. वेशींबद्दल मात्र त्यात एक अक्षरही नाही.