पाळकसाहेबांसमोर बसताना

मी पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, कोचिंग करते असं म्हटलं की आमच्या नगरात हमखास विचारतात, "क्लास कुठं आहे? आमचा यंदा दहावीला आहे." (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.) आपल्याकडे कोचिंग म्हणजे शिकवणी, आणि मी जे करते त्यात शिकवायलाच बंदी आहे; प्रश्न विचारायचे, ऐकायचं, उत्तर समोरच्यानेच शोधायचं. म्हणून हल्ली मी "पाळकांसोबत बसते" एवढंच सांगते.

तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि त्यातली सत्तावीस वर्षं पाळकीणबाईही, म्हणजे पाळकांची बायको. आमच्या साहेबांनी पाच गावांच्या मंडळ्या, म्हणजे तिथल्या चर्चची माणसं, सांभाळल्या. एकदा बीपी १८०/११० असताना ते अंत्यविधी उरकून आले, जेवले आणि संध्याकाळच्या प्रार्थनासभेला गेले. दिवसाला चाळीस जणांची बीपी घेणारी बाई त्याच घरात होती. तिने घेतली ती महिन्यानंतर. ते गेल्यावर मी पुण्यात शनिवार-रविवारचा वर्षभराचा कोर्स केला, आणि गेली आठ वर्षं पारनेर, नेवासा, राहुरी, शेवगाव या बाजूच्या पाळकांसोबत, सुवार्तिकांसोबत (गावोगाव सुवार्ता सांगणारे) आणि एकदोन बायबल वुमनसोबत (हेच काम करणाऱ्या बाया) बसते आहे. असं बसणारी आणखी माणसं हवीत, म्हणून हे लिहिते.

अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती मिशनरी संस्था १८३१ साली नगरात आली, १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. बोलण्यात, लिहिण्यात, गाण्यात आणि ठराव करण्यात आमचा समाज कुणाला हार जायचा नाही. पण दर रविवारी दोनशे जणांना आशीर्वाद देणाऱ्या माणसाला लोक काय विचारतात? "साहेब, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) कोणत्या रविवारी?"

आधी स्वतःला तपासा

ज्या पाळकांसोबत बसणार त्यांच्या चर्चच्या कमिटीवर तुम्ही असाल, नात्यातले असाल किंवा त्यांची बदली करणाऱ्यांच्या ऊठबशीतले असाल, तर तुम्ही बसू नका. नगरच्या ख्रिस्ती समाजात कोण कोणाचा मेहुणा नाही हे शोधायलाच दिवस जातो, तरी शोधा. मी एकदा भाच्याच्या सासऱ्यांसोबत बसले. तिसऱ्या भेटीपासून आम्ही दोघं लग्नातल्या मानपानाबद्दलच बोलत होतो.

दुसरं, तुमची मतं. चर्चमध्ये ड्रमसेट असावा की नाही यावर माझं मत कडक आहे. समोरचे पाळक तरुणांच्या त्याच ड्रमसेटबद्दल बोलायला लागले की जीभ शिवशिवते. अशा वेळी मी हातातलं पेन खाली ठेवते. ही माझ्यासाठीची खूण आहे: आता बाई, गप्प.

पहिली भेट

पहिल्या भेटीत प्रश्न सोडवायला घेऊ नका. करार करा. कागदावर, साध्या मराठीत, पाच-सहा ओळींचा. पंधरवड्याला एक भेट, अशा सहा. प्रत्येक भेट पन्नास मिनिटांची. सोमवार नाही, कारण पाळकाला हक्काची सुट्टी असलीच तर तीच. शनिवार नाही, कारण त्या दिवशी त्यांचं अर्धं डोकं उपदेशात असतं. मी मंगळवार किंवा गुरुवार धरते.

जागेचा विचार नीट करा. त्यांच्या घरी बसलात तर पाच मिनिटांत चहा, दहाव्या मिनिटाला खजिनदार. चर्चमधल्या खोलीत भिंतींनाही पद असतं. मला एका शाळेचा वर्ग सुटल्यानंतर मिळतो. मी बाई, समोर बहुतेक वेळा पुरुष. त्यामुळे दार उघडं ठेवते आणि शिपायाला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला सांगते. दिसावं सगळं, ऐकू काही जाऊ नये.

पैसे घ्यावेत का? माझं मत, थोडे घ्यावेत. फुकट असताना लोक "आज जमत नाही, बाई" असं सहज म्हणायचे. शंभर रुपये लावले तेव्हापासून वेळेवर येतात. ते पैसे कमिटी देणार असेल तर आधीच सांगून टाका, की कमिटीला फक्त किती भेटी झाल्या तेवढं कळेल. एका सेक्रेटरींनी मला फोन करून "आमच्या साहेबांची प्रगती कशी आहे?" असं पालकसभेच्या सुरात विचारलं होतं. मी म्हटलं, "चार भेटी झाल्या." ते थांबले. मीही थांबले.

गुप्तता, आणि मी ती कशी मोडली

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथंच मी चुकले.

दुसऱ्याच वर्षी एका पाळकांनी मला मुलाच्या दारूबद्दल सांगितलं. पुढच्या आठवड्यात स्त्रियांच्या मंडळात प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा मी म्हणाले, "एका सेवकाच्या घरासाठी, त्यांच्या तरुण मुलासाठी." नाव घेतलं नाही. गाव घेतलं नाही. डोळे मिटलेल्या बावीस बायकांनी "आमेन" म्हणता म्हणता हिशेब केला, आणि संध्याकाळपर्यंत ते नाव पाच घरांत पोचलं होतं. पाळक पुन्हा आले नाहीत. मी माफी मागायला त्यांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, बसा म्हटलं नाही.

आपल्या मंडळ्यांत चहाडी चहाडीच्या वेषात येत नाही, प्रार्थनेचा विषय होऊन येते. म्हणून नियम असा: तिथं ऐकलेलं प्रार्थनासभेतही न्यायचं नाही. एकांतात प्रार्थना करा, देवाला नाव माहीत आहे. वहीत नाव लिहू नका. मी तारीख आणि एखादी खूण लिहिते. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त वेळ ठरवायची, विषय नाही.

पण गुप्ततेला कुंपण असतं आणि ते करारातच लिहा. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळक असोत, बिशप असोत, तुम्ही असा. "मंडळीचं नाव खराब होईल" ही सबब तिथं चालत नाही, चालू देऊ नका. आणि समोरचा माणूस जगायची इच्छा उरली नाही असं म्हणाला, तर त्या क्षणी कोचिंग संपलं. त्याला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, डॉक्टरकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर फोनमध्ये आधीच ठेवा; मराठीत बोलतात. झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, महिनोन्महिने रडू येतं, हे प्रश्न विचारून बरं होणारं नव्हे. ते दवाखान्याचं काम आहे, आणि हे मी नर्स म्हणून सांगते.

एलीयाचा पाठ

या कामासाठी शास्त्रातला उतारा विचारला की सगळे बायबलमधला निर्गम १८ काढतात: इथ्रो, एकट्याने सगळ्यांचा न्याय करत बसलेला मोशे, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नेमलेले नायक. उतारा उत्तमच आहे. पण इथ्रोने सरळ सल्ला दिला, आणि तो मोशेचा सासरा होता. त्याला ते शोभतं. मला या कामासाठी १ राजे १९ जवळचा वाटतो.

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागतो आहे. देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. भाकर आणि पाणी. तो खाऊन पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला घालतो. उपदेश नाही, वचन पाठ करून घेणं नाही. म्हणून मी पहिली पाच मिनिटं विचारते, "काल झोप किती झाली? आज जेवलात कधी?" पंधरा किलोमीटर स्कूटरवर आलेला माणूस उपाशी असेल तर माझ्या डब्यातली भाकरी आधी.

मग होरेब डोंगरावर देव विचारतो, "एलीया, तू इथं काय करतोस?" एलीया आपली कैफियत मांडतो: मी फार आवेशी होतो, लोकांनी वेद्या पाडल्या, मी एकटाच उरलो. वारा, भूकंप, अग्नी येऊन जातात, मंद वाणी येते आणि पुन्हा तोच प्रश्न. आणि उत्तर? शब्दन्‌शब्द तेच! मला हा उतारा वाचताना हसू येतं, कारण माझ्यासमोर बसलेला प्रत्येक पाळक पहिल्यांदा हेच पाठ केलेलं उत्तर देतो. "लोक सहकार्य करत नाहीत, बाई. सगळं मला एकट्याला करावं लागतं." ते खोटं नसतं, पण इतक्या वेळा बोलून झालेलं असतं की बोलणाऱ्यालाच ऐकू येत नाही. त्या उत्तराशी वाद घालू नका. थोड्या वेळाने तोच प्रश्न वेगळ्या बाजूने विचारा.

आणि तिथं शेवटी काय मिळतं? तीन कामं, तिन्हींना नावं: हजाएल, येहू, अलीशा यांना अभिषेक करायचा. परतीची वाटही सांगितलेली. बआल दैवताला न पूजणाऱ्या सात हजारांचा उल्लेख येतो तो त्याही नंतर.

विचारायचं कसं

'का'ने सुरू होणारा प्रश्न टाळा. मराठीत "असं का केलंत?" म्हटलं की माणूस आरोपी होतो आणि वकिली सुरू करतो. त्याऐवजी "तेव्हा काय झालं?", "मग तुम्ही काय केलंत?", "हे असंच राहिलं तर पुढच्या नाताळात काय दिसेल?" वय काहीही असो, "तुम्ही"च म्हणा. माझ्या मुलाच्या वयाच्या पाळकांनाही मी "पाळकसाहेब" म्हणते. त्या खुर्चीचा मान काढून घेतला तर ते मोकळे होत नाहीत, उलट आक्रसतात.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. नाडी मोजताना आम्हाला पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवलं होतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या मुलीला सिस्टर ओरडायच्या. ती सवय इथं कामी आली. मी मनगटावरच्या घड्याळात सेकंदकाटा बघते. वीस सेकंदांची शांतता फार लांब वाटते, चाळीस तर असह्य. खरं उत्तर बहुधा त्याच्यानंतर येतं.

हे कसं चालतं त्याचा एक नमुना, दोघातिघांचं मिसळून सांगते, कोणी शोधत बसू नका. पाळक म्हणाले, कमिटी मदत करत नाही. मी विचारलं, "गेल्या रविवारी पहाटेपासून काय काय केलंत, क्रमाने सांगा." कुलूप उघडलं. झाडून घेतलं. घंटा वाजवली. हार्मोनियम वाजवणारा आला नाही म्हणून गाणी स्वतःच उचलली. उपदेश, प्रार्थना. वर्गणी मोजली, वहीत लिहिली, कुलूप लावलं. मी विचारलं, "किल्ल्या किती आहेत?" "एकच जुडगा." "कोणाकडे?" त्यांनी खिशावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या गावात दुसऱ्याकडे दिली होती. पेटीतले पैसे गेले."

कमिटी असहकार करते हा विषय तिथं संपला होता. खरा विषय खिशात होता.

त्या वेळी माझ्या तोंडावर आलं होतं, "द्या ना एखाद्या डीकनला!" (डीकन म्हणजे पाळकांच्या मदतीला नेमलेला सेवक.) ते मी गिळलं. विचारलं, "पैशाला हात न लावता देता येईल असं काय आहे?" त्यांनीच ठरवलं: घंटा आणि पुढच्या दाराची किल्ली तरुण संघातल्या एका मुलाकडे, येत्या रविवारपासून, आणि त्याला ते शुक्रवारी घरी जाऊन सांगणार. काम असं हवं: कोण, काय, कोणत्या दिवशी. "प्रार्थनापूर्वक विचार करतो" हे काम नव्हे. आमच्या कमिट्यांत त्याचा अर्थ 'नाही' असा होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्या कामाचाच. झालं नसेल तर रागावू नका. काय आडवं आलं ते विचारा.

शेवटी प्रार्थना करायची तर त्यांना करू द्या, किंवा दोघं मिनिटभर शांत बसा. तुम्ही केलीत तर छोटी. "हे प्रभू, तुझ्या या दासाला समजू दे की त्याने घरच्यांना वेळ द्यावा," असा डोळे मिटून दिलेला सल्ला मी स्वतः दिलेला आहे, म्हणून सांगते: पन्नास मिनिटं तोंड आवरून शेवटच्या मिनिटात देवाच्या आडून उपदेश करू नका.

पाळकीणबाईंबद्दल एकच. पाळकांसोबत बसलात म्हणजे त्यांचंही ऐकलं असं होत नाही. शब्बाथ शाळा (लेकरांचा रविवारचा धर्मवर्ग), स्त्रियांचं मंडळ, दारात आलेल्या प्रत्येकाचा चहा त्यांच्याकडे असतो आणि पगार कशालाच नसतो. त्यांच्यासाठी वेगळी बाई शोधा, वेगळा दिवस ठेवा. नवरा-बायको दोघांसोबत एकच माणूस बसला की तो निरोप्या होतो.

सहाव्या भेटीला पहिल्या भेटीतला कागद काढून दोघांनी वाचायचा. पुढं चालू ठेवायचं असेल तर महिनाभर थांबून नवा करार. नसेल तर माझी चाळीस पानी वही मी पाळकांसमोरच फाडते आणि घरी आणून बंबात घालते. त्या दिवशी अंघोळीचं पाणी लवकर तापतं.