गोदामाच्या दाराला सेन्सर लावण्याआधी

कापूस, तूर घरात भरली की दार उघडलं की फोनवर सूचना देणारा वायरलेस सेन्सर दाराला लावावासा वाटतो. पण आणलेला सेन्सर ॲपला जोडलाच जात नाही, ही नेहमीची रड.

१. खोक्यावर वाय-फाय लिहिलंय की झिगबी, ते पाहा. झिगबी ही वाय-फायहून वेगळी बिनतारी पद्धत. तिला हब, म्हणजे सेन्सर आणि राउटर यांना जोडणारा छोटा डबा लागतो, नुसत्या साध्या राउटरवर भागत नाही. हब घरात असेल तर त्याच्या ॲपमधल्या उपकरणांच्या यादीत सेन्सरचा मॉडेल नंबर शोधा. नुसतं कंपनीचं नाव दिसलं म्हणून पैसे देऊ नका.

२. वाय-फायचे बहुतेक सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नेटवर्कं एकाच नावाने असतील तर सेटिंगमध्ये नावं वेगळी करा आणि जोडताना फोन २.४ वर ठेवा. निम्मी कटकट इथेच मिटते.

३. जोडणी राउटरजवळ बसून करा. मग सेन्सर दारावर सुतळीने तात्पुरता बांधा, दार उघडा, लावा, फोनवर सूचना येते का पाहा. चिकटपट्टी त्यानंतर! टिनाचे पत्रे सिग्नल अडवतात. लोखंडी दारावर सेन्सरच्या जोडीला येणाऱ्या चुंबकाचंही गणित बिघडतं; मध्ये लाकडाची पातळ पट्टी दिली तर बहुधा जमतं.

लाईन गेली की राउटर बंद, म्हणजे सूचनाही बंद. आपल्याकडे लाईन जाणारच, तेव्हा राउटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आणि विदर्भातल्या मे महिन्यात तापणाऱ्या पत्र्याला सेन्सर थेट चिकटवू नका, आतली बॅटरी लवकर बसते.